येत नाही त्यानं हात वर करा

सिस्टरांची खुर्ची ऑफिसात नसायची. पहिली आणि दुसरीच्या वर्गांच्या मध्ये एक बोळ होता, तिथं मुलांच्या पिण्याच्या पाण्याचे नळ होते, आणि त्या नळांपाशी मुख्याध्यापिकेची खुर्ची. जमीन कायम ओली. म्हणून पांढऱ्या झग्याखाली त्या पुरुषांचे स्पोर्ट्स शूज घालायच्या आणि खुर्चीच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवून ठेवायच्या. ऑफिसात पंखा होता, येशूची मोठी तसबीर होती, पालकांसाठी सोफा होता. तिथं त्या फक्त फोन वाजला की जायच्या आणि उभ्यानं बोलून परत यायच्या.

मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हाही त्या तिथंच होत्या, तोंडात लवंग. माझी फाईल त्यांनी उघडली नाही. वरचं आडनाव तेवढं वाचलं.

"मराठी की काय तू?"

"हो सिस्टर. पण आम्ही इथलेच, जयनगरचे. फार पिढ्या झाल्या."

"मी खानापूरकडची. इथं मराठी बोलायला कुणी नाही, गंजायलंय माझं. माझ्याशी इंग्रजी बोलू नकोस." मग त्यांनी लवंग या गालातून त्या गालात सरकवली. "तुला काय येत नाही?"

मी इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझे गुण काय, काही वर्षांनी मी स्वतःला कुठं बघते, सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. हा प्रश्न त्यात नव्हता. तोंडातून खरं निघून गेलं.

"गणित."

"चालेल. तिसरीचं गणित तू घे."

त्यांच्या तोंडी 'चालेल' ही सगळ्यात मोठी शाबासकी होती, हे मला नंतर कळलं. त्याच्या वरचा शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकला नाही.

"तुम्हाला काय येत नाही?" हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. नव्या वॉचमनला विचारला, प्रवेशासाठी आलेल्या बापांना विचारला. मुलांचे दात तपासायला एक डॉक्टर आले होते, त्यांनाही विचारला. डॉक्टर हसून म्हणाले, "पोहायला येत नाही, सिस्टर."

"मग शिका. वय काय गेलेलं नाही तुमचं," सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलाला पुढं ढकललं.

शाळा मारतहळ्ळीत, मागच्या जुन्या गावात, चर्चच्या आवारात. एका बाजूला उंच अपार्टमेंट, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग. टेक पार्कमध्ये झाडलोट करणाऱ्या बायांची मुलं आणि त्याच टेक पार्कमधल्या काही इंजिनिअरांची मुलं एकाच बेंचवर बसायची. फार शाळांमध्ये असं होत नाही. पण आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हते, वाचनालय म्हणजे एक कपाट, आणि चौथीनंतर मुलांना दुसरी शाळा शोधावी लागायची.

आणि एक नियम होता, जो मी जगात दुसरीकडे कुठं पाहिला नाही. शिक्षकानं प्रश्न विचारला की ज्याला उत्तर येत नाही त्यानं हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं गप्प बसायचं. सगळे हात खाली येईपर्यंत पुढं जायचं नाही.

"येणाऱ्याला शिकवून मला काय करायचंय?" सिस्टर म्हणायच्या. "त्याला येतंयच की."

पहिल्या आठवड्यात मी चक्रावून गेले. प्रश्न विचारला की हातांचं रान उभं राहायचं, मी खूश होऊन एकाला उठवायची, आणि तो प्रसन्न चेहऱ्यानं सांगायचा, "येत नाही, मिस." हळूहळू सवय झाली. मुलांच्या चेहऱ्यावर लाज नसायची. माझ्या शाळेत न येणारी मुलं पुढच्याच्या पाठीमागं लपायची. इथं ती हात ताणून, बेंचवर गुडघा टेकून, "मिस, मिस" करायची. हे बघताना मला काहीतरी व्हायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मी तशी कुणाला काही सांगत नाही.

पण येणाऱ्या मुलांचं काय व्हायचं तेही मला दिसत होतं. माझ्या वर्गात निवेदिता नावाची मुलगी होती, तिला सगळं यायचं. ती दिवसभर हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघायची. कधी तिचा आवाज ऐकला तर मी दचकायची.

एकदा एक आई तणतणत आली. तिचा मुलगा आमच्याकडून चौथी होऊन पाचवीला मोठ्या शाळेत गेला होता. तिथंही तो सवयीनं येत नसेल तेव्हा हात वर करायचा. बाईंनी उठवलं की "येत नाही, मॅम." चार-दोनदा झाल्यावर बाईंना वाटलं हा टर उडवतोय. त्याला ऑफिसबाहेर उभं केलं.

"तुमचा मुलगा खरंच बोलला ना?" सिस्टर म्हणाल्या.

"खरं बोलून उन्हात उभा राहिला तो, सिस्टर. तुमचं काय गेलं?"

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन सिस्टर बसनं त्या मोठ्या शाळेत गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा छत्रीची एक काडी मोडलेली होती. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत कुणाला नव्हती. नियम काही बदलला नाही.

हिंमत नव्हती म्हणजे खरोखर नव्हती. मुलांवर त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण शिक्षिकांची गय करायच्या नाहीत. दुसरीच्या मिसनी भिंतीवर थर्मोकोलचं फुलपाखरू लावलं, तर वर्ग चालू असताना येऊन ते उपटलं. "हे पोरांनी केलंय? नाही ना? मग कुणाला दाखवायला?" मिस फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिल्या. त्यांचा खडू दोनदा मोडला.

रोझलिन मिसचं आणि त्यांचं तर जमतच नसे. रोझलिन मिस चौथीला शिकवायच्या. त्यांची पहिली नोकरी इथलीच, लग्न याच चर्चमध्ये, दोन्ही मुलं याच शाळेत शिकली. सिस्टर येण्याआधी कितीतरी वर्षं शाळा त्यांच्याच हातात असल्यासारखी होती. मला त्या डबा उघडला की आधी वाढायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, स्वल्प तरी खा. इथं जिवंत राहायचं तर पोट भरलेलं पाहिजे."

त्या वर्षी, दसऱ्याच्या सुट्टीनंतर, चर्चच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाकडून निरोप आला. दोघं जण शाळा बघायला येणार होते, एक फादर आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेची बलस्थानं काय, सुधारणा कुठं हवी, हे बघून ते मंडळाला सांगणार, आणि त्यावरून ठरणार की आमची प्राथमिक शाळा ठेवायची की बंद करून मुलांना देवनहळ्ळीच्या बाजूच्या नव्या मोठ्या शाळेत घालायचं. मारतहळ्ळीहून देवनहळ्ळी, म्हणजे शहराबाहेर तास-दीड तासाचा रस्ता! अपार्टमेंटमधली मुलं आणखी कुठंतरी गेली असती. पत्र्याच्या खोल्यांतली मुलं सकाळी शेंबूड पुसत चालत यायची, ती कुठं जाणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सिस्टरांनी आम्हाला नळांपाशी बोलावलं. "काही सजवायचं नाही. काही पाठ करून घ्यायचं नाही. आहे ते बघू दे त्यांना." एवढं म्हणून त्या उठल्या आणि एका मुलाची बाटली भरायला लागल्या.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर रोझलिन मिसनी मला जिन्याखाली गाठलं.

"ऐक. मी माझ्या मुलांना सांगितलंय, उद्या येतं त्यानं हात वर करायचा. जगात करतात तसं. तूही सांग."

"सिस्टरांना..."

"सिस्टरांना काय? त्यांना उद्या बदली मिळेल, दुसरी शाळा मिळेल. या मुलांना कोण देणार?" त्यांचे डोळे भरले होते. "फादर वर्गात येणार, हात वर बघणार, आणि एकेक पोर उठून सांगणार, येत नाही. काय लिहितील ते?"

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे माझं मलाही ठरवता आलं नाही. सकाळी वर्गात गेले, मुलांकडे पाहिलं आणि काही बोलले नाही. आजही मला वाटतं, एका रात्रीत त्यांना दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं.

पाहुणे आधी चौथीत गेले. माझ्या मुलांना पीटीला पाठवलं होतं, म्हणून मी दारात उभी होते. सिस्टर शेवटच्या बेंचवर, गुडघे छातीशी घेऊन, मुलांमध्ये बसल्या होत्या. फादर वयानं तरुण, हसतमुख. त्यांनी विचारलं, "कावेरी कुठं उगम पावते?"

काही हात वर गेले. मग मुलांनी मागं वळून सिस्टरांकडे पाहिलं. वर गेलेले काही हात खाली आले आणि खालचे वर गेले. एकानं हात डोक्यावर ठेवला, म्हणजे दोन्हीकडून सुटका. रोझलिन मिसनी ओठ घट्ट मिटले होते. फादरांनी समोरच्या एका मुलीला विचारलं, "तू सांग. हात वर आहे का तुझा?"

ती मुलगी उठली. तिनं मिसकडे पाहिलं, मग मागं पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "सिस्टर, आज कुठला नियम? तुमचा की मिसचा?"

निवृत्त मुख्याध्यापिकेनं पेनचं टोपण काढलं.

"मिसचा कुठला?" सिस्टरांनी विचारलं.

मुलीनं सांगून टाकलं. मिसनी काल सांगितलं, पाहुणे आल्यावर येतं त्यांनी हात वर करायचा, सिस्टरांना सांगायचं नाही. शेवटचं वाक्य तिनं आपणहून जोडलं असावं, पण ते खरं होतं.

सिस्टर बेंचमधून बाहेर आल्या. इंग्रजीत बोलल्या, सगळ्यांना कळेल असं. "रोझलिन मिस, मुलांना लपवाछपवी शिकवता? लाज नाही वाटत?"

"सिस्टर, सगळ्या जगात असंच करतात." रोझलिन मिसचा आवाज बसला होता.

"मग जगात जा. इथं कशाला राहिलात?"

मुलं ऐकत होती. फादर फळ्यावरची तारीख वाचत राहिले. रोझलिन मिसनी पदराचं टोक कमरेला खोचलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोचलं. त्या पूर्ण तासात त्या मुलांकडे बघू शकल्या नाहीत.

नंतर माझा वर्ग. फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिलं आणि विचारलं, यांत मोठं कुठलं. जवळजवळ सगळे हात वर गेले.

"अरे वा," फादर म्हणाले आणि पुढच्या मुलाला उठवलं.

"येत नाही, फादर."

दुसऱ्याला. "येत नाही, फादर." तिसऱ्या मुलीनं तर दोन्ही हात वर केले होते. "मला अजिबातच येत नाही, फादर."

पाहुण्या मुख्याध्यापिका लिहीत होत्या. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलून नियम समजावून सांगितला असता तर काम झालं असतं. त्या खिडकीच्या गजांकडे बघत बसल्या. स्वतःच्या गोष्टीचं कारण द्यायचं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, शाळा बुडाली तरी. मग मला बोलावं लागलं. कुणाकडेही न बघता मी इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे येत नाही त्यांनी हात वर करायचा असतो. मी आता शिकवते. तुम्ही हात बघा."

चौघांना मी एका बेंचवर बसवलं आणि तिघांना शेजारच्या. "कोणाला जास्त जागा?"

"तिघांना!" चौघांतला कोपऱ्यावरचा ओरडला. तो अर्धा बाहेर लटकत होता. "मिस, हा ढकलतोय मला!"

"बेंच एकच, वाटेकरी चार झाले तर तुझा वाटा?"

"छोटा! बसताच येत नाही, मिस!"

हात खाली यायला लागले. आधी पुढचे, मग मधले, एकेक करून, काही अर्ध्यावर थांबून विचार करून. फादर टेबलाला टेकून बघत होते. मुख्याध्यापिकेनं लिहिणं थांबवलं होतं. शेवटी एकच हात राहिला, मागच्या बेंचवरच्या मंजुनाथचा.

"तुला काय नाही कळलं?"

"मिस, चौघं बारीक असले आणि तिघं जाड असले तर?"

फादर मोठ्यानं हसले. मी हसले नाही, कारण तो बरोबर होता. वाटे सारखे पाहिजेत हे मी सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं. त्याचाही हात खाली आला.

मग मुख्याध्यापिका उठल्या आणि सरळ निवेदिताकडे गेल्या. तिनं सुरुवातीपासून हात वर केला नव्हता. "तुला आधीपासून येत होतं?"

निवेदितानं मान डोलावली.

"मग सांग ना, एक तृतीयांश मोठं का?"

निवेदिताचे ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, प्रेमानं विचारलं. मुलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती बेंचची कड नखानं खरवडत राहिली. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला एक वाक्य बोलता आलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "ज्यांना येतं ती मुलं इथं कधी बोलतात?"

मला उत्तर येत नव्हतं.

त्या दिवशी जेवणानंतर शाळा सुटणार होती. मुलं जेवायला गेल्यावर आम्हा शिक्षिकांना पहिलीच्या वर्गात बसवलं. पहिलीचे बेंच, आमचे गुडघे हनुवटीपर्यंत. फादर म्हणाले, प्रत्येकीनं शाळेची एक चांगली गोष्ट सांगावी आणि एक सुधारायला हवी अशी. सिस्टर बाहेर थांबल्या तरी चालेल.

"मी इथंच बसते," सिस्टर म्हणाल्या.

मग काय, शिस्त चांगली, सकाळची प्रार्थना चांगली, आवार स्वच्छ. सुधारायला कॉम्प्युटर हवेत, पावसात पाचव्या खिडकीतून पाणी येतं. रोझलिन मिस म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे," आणि हातरुमालाकडे बघत राहिल्या. माझी पाळी शेवटची.

"चांगली गोष्ट ही की," मी म्हणाले, "इथं मुलाला येत नसेल तर त्याची लाज वाटत नाही. हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझ्या शाळेत असं असतं तर बरं झालं असतं." इथं थांबले असते तर सगळं निभावलं असतं. मुख्याध्यापिका पेन धरून थांबल्या होत्या. मी जे पुढं बोलणार होते त्यानं शाळा बंद होऊ शकते हे मला दिसत होतं. "सुधारायला हवं ते हे, की ही सवलत शिक्षकांना नाही. आमचं चुकलं तर मुलांसमोर अपमान होतो. म्हणून आम्ही सिस्टरांपासून गोष्टी लपवतो. चौथीत आज झालं ते रोझलिन मिसमुळे नाही झालं. भीतीमुळे झालं. आणि येणाऱ्या मुलांचं काय करायचं ते आम्हाला माहीत नाही, पण ते विचारायलाही आम्ही घाबरतो."

फादरांनी "थँक यू" म्हटलं. मुख्याध्यापिका बराच वेळ लिहीत होत्या. सिस्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

शाळा राहिली. ख्रिसमसच्या आधी तसं कळलं. त्याच निरोपात हेही होतं की वर्ष संपल्यावर सिस्टरांची बदली होईल. मार्चमध्ये एका सकाळी त्या निरोपसमारंभ न होऊ देता, एका पिशवीसह, दक्षिणेकडच्या कुठल्याशा वसतिगृहात निघून गेल्या. हाताचा नियम आम्ही ठेवला, पण आता सगळे हात खाली आले की येणाऱ्यांपैकी एकानं उठून समजावून सांगायचं असतं. निवेदिता आता समजावताना चांगलीच भांडते. माझ्या बोलण्यामुळे सिस्टर गेल्या की माझ्या बोलण्यामुळे शाळा राहिली, की दोन्हीशी त्याचा संबंध नव्हता, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण सिस्टर म्हटलं की मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर गेली आणि सिस्टर परत पहिलीच्या वर्गात आल्या. आम्ही कुणी उठलोच नव्हतो. त्यांनी दार लावून घेतलं आणि फळ्याशी उभ्या राहिल्या.

"मघाशी बोललीस ते परत सांग," त्या मला म्हणाल्या. मराठीत नाही, इंग्रजीत.

मी परत सांगितलं. एकही शब्द मी गाळला नाही, कारण त्यांनी गाळलेला ओळखला असता.

सिस्टर रोझलिन मिसकडे वळल्या. "ही सांगतेय ते खरं आहे?"

"खरं आहे, सिस्टर."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? ही पोरगी काल आलेली. तुम्ही इथं इतकी वर्षं आहात. हे सांगणं तुमचं काम होतं, तिचं नव्हे!" आवाज पुन्हा चढायला लागला होता. दुसरीच्या मिसनी डोळे मिटून घेतले.

रोझलिन मिस उठून उभ्या राहिल्या. पहिलीच्या बेंचमधून उठायला वेळ लागतो, आधी एक पाय, मग दुसरा. उभ्या राहून त्यांनी पहिल्यांदाच सिस्टरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

सिस्टर बोलायला गेल्या आणि थांबल्या. बाहेर मुलांना न्यायला आलेल्या आयांचा गलका वाढत होता, कुणीतरी गेटची कडी वाजवत होतं. सिस्टरांनी खरंच विचार केला. आम्ही सगळ्या त्यांना विचार करताना बघत होतो.

"नसतं ऐकलं," त्या म्हणाल्या.

रोझलिन मिस खाली बसल्या. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, आणि दार उघडायला कुणीच उठलं नाही.